पॉवर स्टीअरिंगचं ऑइल सारखं कमी होतंय. भरत राहू की गाडी उघडू?

कोकणसडा | १४ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

गाडी २०१० ची, डिझेल, १ लाख ३८ हजार किमी. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद "विकून टाक" असेच येतील. राहायला रत्नागिरीत. गाडी अंगणात पत्र्याखाली असते.

मार्चपासून सकाळी गाडी बाहेर काढताना स्टीअरिंग वळवलं की आवाज येतो. गोठ्यात म्हैस चाऱ्यासाठी हुंकार देते ना, अगदी तसा. सरळ चालवताना काही नाही. गॅरेजात नेली, तिथल्या पोराने बोनेट उघडून छोट्या डब्यात लाल ऑइल ओतलं, आवाज बंद. मे महिन्यात पुन्हा तेच. जूनअखेर पुन्हा. दर वेळी साधारण पावशेर ऑइल आणि दर वेळी एकच उत्तर: "जुनी गाडी आहे, पिते थोडं."

गेल्या रविवारी कोल्हापूरला निघालो होतो. आंब्याच्या घाटात एका वळणावर स्टीअरिंग अर्ध्यात जड झालं, मग एकदम सुटलं. बायकोने वरचं हँडल धरलं ते मलकापूर येईपर्यंत सोडलं नाही.

ऑइल खरंच "पिते" का? आणि पीत नसेल तर जमिनीवर डाग का नाही?

---

पाना_बारा | १४ जुलै, रात्री ११.२५

दादा, इंजिन ऑइल थोडं जळतं, कबूल. स्टीअरिंगचं जळत नाही. ते बंद नळीत गोल फिरतं. डब्यात कमी झालंय म्हणजे कुठून तरी बाहेर गेलंय. तीन वेळा ओतून पाठवणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. गाडी खाली झोपून बघायचा कंटाळा, दुसरं काय.

हे चालतं कसं ते आमच्याकडच्या भाषेत सांगतो. विहिरीवर मोटार चालू असते तसा हा पंप बेल्टवर कायम चालू असतो, तुम्ही वळा नाहीतर सरळ जा. सरळ जाताना पाणी पाटातून फिरून परत विहिरीत. तुम्ही स्टीअरिंग डावीकडे दाबलं की आतली एक सळई किंचित पिळवटते आणि तेवढ्या पिळाने व्हॉल्व्ह दारं मोडतो: पाणी या सरीत. उजवीकडे दाबलं की त्या सरीत. रॅकमध्ये, म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या मधे आडव्या बसवलेल्या दांड्याच्या नळीत, पिस्टन असतो, त्याच्या एका अंगाला दाब आला की तो चाकं ढकलतो. म्हणजे व्हॉल्व्ह नुसता दारं धरणारा गडी आहे, जोर सगळा पाण्याचा.

विहीर आटली की मोटार काय करते? हवा ओढते, गुरगुरते. तुमची म्हैस ती. घाटात वळणावर डब्यातलं उरलंसुरलं ऑइल एका बाजूला गेलं, पंपाने हवा गिळली, हवा दबते म्हणून स्टीअरिंग जड झालं, पुढे ऑइल आलं तसं सुटलं. असंच चालवलंत तर पंप जाईल, कारण त्याला वेगळं वंगण नसतं. जे ऑइल तो ढकलतो त्यावरच त्याच्या पाकळ्या घासतात.

उद्या उजेडात बोनेट उघडा आणि डब्याच्या झाकणावर काय लिहिलंय ते इथे टाका. तोवर कोणी काही ओतायला सांगितलं तर ओतू नका.

---

उंडगा | १५ जुलै, सकाळी ७.०५

एवढं काय त्यात. माझ्या मामाने एकदा ब्रेक ऑइल टाकून गोवा गाठला होता. हायड्रॉलिक ते हायड्रॉलिक, दोन्ही सेमच.

---

पाना_बारा | १५ जुलै, सकाळी ७.१२

उंडगा भावा, सकाळी सकाळी बीपी वाढवू नको.

सेम नाही. ब्रेक फ्लुइड, ते डॉट ३, डॉट ४, ग्लायकॉलचं असतं. त्याला चालणारं रबर वेगळं. पॉवर स्टीअरिंगचं ऑइल तेलाच्या जातीचं, त्याच्या सीलचं रबर वेगळं. एकाचं दुसऱ्यात टाकलं की सील फुगतात, मऊ पडतात, लोण्यासारखे होतात. लगेच कळत नाही. मामा गोव्याला पोचले असतील, पण परत आल्यावर रॅक आणि पंप दोन्ही काढावे लागले का ते विचार. उलटं केलं तर अजून वाईट. ब्रेकच्या डब्यात स्टीअरिंगचं ऑइल गेलं तर मास्टर सिलिंडरपासून सगळे सील बदलावे लागतात, आणि तोवर गाडी थांबेल की नाही ते देवाला ठाऊक. दोन डबे शेजारी शेजारी असतात काही गाड्यांत. झाकण वाचल्याशिवाय हात लावायचा नाही.

---

उंडगा | १५ जुलै, सकाळी ८.३०

मामाला फोन केला. रॅक बदलला होता. "त्याचा ह्याच्याशी काय संबंध" म्हणतोय 🙏

---

निवांत_पेन्शनर | १५ जुलै, सकाळी ९.५०

मी एस.टी.च्या विभागीय कार्यशाळेत एकतीस वर्षे नोकरी केली. आमच्या उमेदीच्या काळात लाल डब्याला पॉवर स्टीअरिंग नावाची चीज नव्हती. ड्रायव्हरचे खांदे हीच पॉवर. गाडी उभी असताना चाक वळवायचे म्हणजे तो सीटवरून अर्धा उठत असे. त्यामुळे हल्ली कुणी "स्टीअरिंग जड झाले" म्हटले की मला आधी हसू येते, क्षमस्व.

वास्तविक ही कल्पना जुनीच. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९२० च्या दशकात ती करून दाखवली, पण विकत मिळणाऱ्या मोटारीत यायला १९५१ उजाडले. क्रायसलरची इंपीरियल ती पहिली. म्हणजे पाव शतक ती वस्तू तयार असून गिऱ्हाईक नव्हते.

मुद्द्याकडे येतो. कोकणसडा, पाना_बारा म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. एकच भर. पातळी बघताना इंजिन गार की गरम याकडे लक्ष द्या. बऱ्याच डब्यांवर 'कोल्ड' आणि 'हॉट' अशा वेगळ्या खुणा असतात. गरम ऑइल फुगून वर येते. गार गाडीत 'हॉट'च्या रेषेपर्यंत भरले तर तापल्यावर झाकणातून पाझरते, डबा वरून ओशट होतो आणि माणूस नसलेली गळती शोधत बसतो. माझ्या जावयाने या भानगडीत दोन रविवार घालवले.

---

कोकणसडा | १५ जुलै, सायं. ६.१५

सगळ्यांचे आभार. झाकणावर 'डेक्सरॉन' आणि एटीएफ असं लिहिलंय. गार गाडीत पातळी 'मिन'च्याही खाली आहे. ऑइलचा रंग लाल नाहीच, गुळाच्या पाकासारखा तपकिरी, आणि वर बारीक फेस. वास जळकट.

---

पाना_बारा | १५ जुलै, रात्री ८.४०

एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, डेक्सरॉन ही त्याचीच एक जात. काही गाड्यांच्या स्टीअरिंगलाही तेच लागतं. जुन्या इनोव्हालाही डेक्सरॉन दोन किंवा तीनच चालतं. पण म्हणून सगळ्यांना चालतं असं नाही. जुन्या होंडाला त्यांचं स्वतःचं पॉवर स्टीअरिंग फ्लुइडच लागतं, एटीएफ नाही. काही जर्मन गाड्यांत हिरवं सिंथेटिक हायड्रॉलिक ऑइल असतं, त्यात लाल मिसळायचं नाही. आणि रंगावर जाऊ नका, रंग ही नुसती पूड आहे ओळखीसाठी. झाकण आणि पुस्तक काय सांगतं ते बघायचं.

फेस म्हणजे हवा. तपकिरी आणि जळकट म्हणजे भाजलेलं. लोक गल्लीत गाडी वळवताना स्टीअरिंग पार टोकाला नेऊन तसंच दाबून धरतात. तिथे ऑइलला पुढे जायला वाट नाही, पंप रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब फार वाढला की उघडतो तो) तेच ते ऑइल फिरवतो आणि मिनिटभरात तापवतो. टोकाला गेलं की केसभर मागे घ्यायचं. एवढं केलं तरी पंपाचं आयुष्य वाढतं.

पांढरं स्वच्छ फडकं बुडवून बघा. चंदेरी चमकी दिसली तर पंप खायला लागलाय. मग नुसतं ऑइल बदलून भागणार नाही.

---

कोकणसडा | १५ जुलै, रात्री ९.१०

फडकं बघितलं. चमकी नाही. सुटलो.

---

वैदेही२२ | १६ जुलै, दुपारी १.०५

थोडं अवांतर, पण धाग्याचं नाव बघून राहवलं नाही. पुण्यात माझ्या गाडीच्या गेल्या सर्व्हिसिंगच्या बिलात "पॉवर स्टीअरिंग ऑइल टॉप-अप, १८० रु." अशी ओळ होती. मी पैसे भरून घरी आले. रात्री नवऱ्याने बिल वाचलं आणि विचारलं, "तुझ्या गाडीत इलेक्ट्रिक स्टीअरिंग आहे ना? मग ऑइल ओतलं कुठे?"

दुसऱ्या दिवशी जाऊन काउंटरवर हेच विचारलं: "कुठे ओतलंत, दाखवा." बोनेट उघडलं, तिघंजण वाकून बघत राहिले. शेवटी "सिस्टीममध्ये बाय डिफॉल्ट येतं मॅडम" म्हणाले. १८० रुपये परत मिळाले, पण मिळायला पाऊण तास लागला.

---

निवांत_पेन्शनर | १६ जुलै, दुपारी ३.३०

वैदेहीताई, उत्तम केलेत. आजकालच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिकच असते. मोटर थेट कॉलमला किंवा रॅकला लावलेली, ना पंप, ना नळी, ना ऑइल. याची सुरुवात जपानात १९८८ साली सुझुकीच्या सर्व्हो या गाडीपासून झाली. पंप बेल्टवर सतत फिरत नसल्याने इंधनही वाचते. ही गाडी जड झाली तर ऑइल शोधू नये. बॅटरी, फ्यूज आणि डॅशबोर्डवरचा स्टीअरिंगचा दिवा बघावा. आणि कोणतीही गाडी असो, सर्वांत आधी टायरमधली हवा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

---

बर्फात_मराठी | १६ जुलै, रात्री ११.५०

मिनेसोटातून. इथे उणे पंचवीसला सकाळी गाडी चालू केली की हायड्रॉलिक स्टीअरिंग मिनिटभर ओरडतं, कारण ऑइल घट्ट झालेलं असतं. तापलं की गप्प. तुमचं प्रकरण ते नाही, रत्नागिरीत मार्चमध्ये काय घट्ट होणार!

पण एक सांगतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाडीखालच्या लोखंडी नळ्या गंजून फुटतात. तुमच्याकडे मीठ समुद्रावरून फुकट येतं. रबरी होज बघालच, जिथे रबर संपून धातू सुरू होतो तो सांधाही बघा. आणि रॅकच्या टोकांची रबरी बूटं.

---

कोकणसडा | २० जुलै, दुपारी ४.२०

अपडेट. पेटीचा पुठ्ठा उलगडून रात्रभर गाडीखाली ठेवला. तीन दिवसांत एकच डाग, नाण्याएवढा. मग काल खालचं सगळं फडक्याने पुसून कोरडं केलं, इंजिन चालू ठेवून भावाला स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि मी टॉर्च घेऊन खाली. डब्याकडे परत येणाऱ्या होजच्या क्लिपपाशी ओल दिसली. होज लाकडासारखा कडक झालाय, नखाने दाबला तरी दबत नाही.

होज आणि क्लिप बदलली, ४५० रुपये. माझ्या मते सापडली गळती.

---

पाना_बारा | २० जुलै, रात्री ९.००

छान. पण नाण्याएवढ्या डागात दीड-दोन महिन्यांत पावशेर जात नाही. डब्यावर मार्करने रेघ मारून ठेवा, तारखेसकट.

---

कोकणसडा | २७ ऑगस्ट, रात्री १०.१५

पाना_बारा, तुमच्या तोंडात साखर नको पडायला. रेघेपासून बोटभर खाली. पुठ्ठा कोरडा ठणठणीत. गॅरेजवाला आता म्हणतो रॅक गेला, नवीन २६ हजार. मागच्या चार महिन्यांत "पिते थोडं" म्हणणारा हाच.

---

पाना_बारा | २७ ऑगस्ट, रात्री १०.३०

पुढचं चाक काढा. रॅकच्या टोकाला अकॉर्डियनच्या भात्यासारखं घड्यांचं रबरी बूट असतं. दोन्ही बाजूचं हाताने दाबा. सुकं असेल तर नुसती हवा लागेल.

---

कोकणसडा | २८ ऑगस्ट, सकाळी ८.४५

उजवीकडचं सुकं. डावीकडचं दाबलं तर दुधाची पिशवी दाबल्यासारखं लडबडलं. छोटी क्लिप सैल केली आणि खाली धरलेल्या वाटीत काळपट ऑइल आलं, पिठलं पातळ झाल्यासारखं, त्यात लाल मातीचा गाळ. वाटी भरली. सगळा माल बुटात साठत होता, म्हणून जमिनीवर काही नाही!

बुटाला वरच्या बाजूला एक चीर आहे, दिसत नव्हती.

---

पाना_बारा | २८ ऑगस्ट, सकाळी ९.२०

आता कोडं सुटलं. त्या चिरेतून पाणी आणि माती आत गेली. आतला रॅकचा दांडा आरशासारखा गुळगुळीत असतो, त्याच्यावर सील घासतो. खारी हवा, पाणी, दांड्यावर गंजाचे खड्डे, आणि त्या खड्ड्यांनी कानस मारल्यासारखा सील कापला. मूळ रोग ते बूट. वेळेत बदललं असतं तर रॅक वाचला असता.

चीर वरच्या बाजूला म्हणून पाणी आत यायला वाट, ऑइल बाहेर जायला नाही. ऑइल खालीच साचत राहिलं.

नवीन रॅक लगेच घेऊ नका. रॅक खोलून सील किट टाकणारे लोक आहेत. पण खोलल्यावर दांडा तुमच्या डोळ्यांनी बघा, नख फिरवून. नख अडलं तर नवीन सीलही दोन-चार महिन्यांत जाईल. दांडा पॉलिश करून निघतो का, किंवा बदलता येतो का ते विचारा. आणि ते गळती थांबवणारं बाटलीतलं औषध कोणी दिलं तर घेऊ नका.

---

निवांत_पेन्शनर | २८ ऑगस्ट, सकाळी ११.००

त्या औषधाने रबर फुगते आणि काही दिवस भेग बुजते. गाडी विकायची असेल तर उपयोगी, स्वतः चालवायची असेल तर नाही. तुमचा सील कापला गेला आहे. तो फुगवून काय होणार?

---

उंडगा | २८ ऑगस्ट, दुपारी १२.१०

काका, म्हणजे जुनी गाडी घेताना आपणही बूट दाबून बघायचं की 😄

---

निवांत_पेन्शनर | २८ ऑगस्ट, दुपारी १२.४०

अवश्य. आणि मामांची असेल तर बघायचीही नाही.

---

कोकणसडा | ११ सप्टेंबर, रात्री ९.३०

झालं काम. जरा सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

रॅक कोल्हापूरला नेऊन खोलला. डाव्या टोकाला दांड्यावर तिळाएवढे चार-पाच खड्डे होते, नख अडत होतं. त्यांनी दांडा दुसरा बसवला, सील किट, दोन्ही बूटं नवीन. दाबाच्या नळीच्या सांध्यातले तांब्याचे वायसरही बदलायला लावले; जुनेच लावतो म्हणत होता, पण एकदा चेपलेला वायसर पुन्हा बसत नाही हे मी इथेच कुठेतरी वाचलं होतं. एकूण ९,२०० रुपये. टायरॉड, म्हणजे रॅक आणि चाकं जोडणारे दांडे, काढून परत लावल्यामुळे चाकांची अलाइनमेंट वेगळी करून घेतली. ती केली नसती तर टायर खाल्ले असते.

सिस्टीम उघडलीच होती, तर सगळं ऑइल नवीन घातलं. त्याआधी डब्याच्या तळाची जाळी काढून पाहिली. जाळीवर काळी साय धरली होती. पेट्रोलमध्ये धुतली, वाऱ्यावर वाळवली.

हवा काढायचं काम घरी केलं. गाडीची पुढची दोन्ही चाकं वर, खाली स्टँड. इंजिन बंद. आमचे अण्णा ड्रायव्हिंग सीटवर, मी डब्यापाशी बाटली घेऊन. अण्णांनी स्टीअरिंग सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवलं, देवळात प्रदक्षिणा मोजाव्यात तसं मोठ्याने मोजत, वीस फेऱ्या. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत डब्यात ताकासारखे बुडबुडे आले, पातळी झपझप खाली गेली, मी ओतत राहिलो. पंधराव्या फेरीनंतर एकही बुडबुडा नाही. मग इंजिन चालू करून पुन्हा पाच-सात फेऱ्या, टोकाला न दाबता. थांबून पातळी पाहिली. सरबतासारखं लाल आणि आरपार दिसतंय.

म्हैस गेली. अण्णा म्हणाले, "एवढं हलकं बरं नव्हे."

---

वैदेही२२ | ११ सप्टेंबर, रात्री १०.०५

अभिनंदन! एक प्रश्न: काहीच गळत नसेल, आवाजही नसेल, नुसतं जुनं ऑइल बदलायचं असेल तर रॅक खोलायला लागतो का? बाबांची जुनी बोलेरो आहे.

---

पाना_बारा | ११ सप्टेंबर, रात्री १०.४०

अजिबात नाही ताई. मोठी सिरिंज आणि बारीक नळी आणा. डब्यातलं जेवढं ओढता येईल तेवढं ओढून काढा, नवीन भरा, बाबांना दोन-चार दिवस गाडी चालवू द्या, पुन्हा तेच. सगळ्या सिस्टीममध्ये लिटरभर असेल आणि डब्यात त्यातलं ३०० मिली, तर एका वेळी ३० टक्के बदलतं. सहा वेळा केलं की जुनं १२ टक्क्यांच्या आसपास उरतं. पुरेसं आहे. घाई असेल तर परतीचा होज काढून बाटलीत सोडायची पद्धत आहे, पण ती करताना डबा क्षणभरही रिकामा होऊ द्यायचा नाही. एकट्याने करू नका.

किती दिवसांनी? बऱ्याच पुस्तकांत आकडाच नसतो. मी गिऱ्हाइकांचं ४०-५० हजार किमीला काढतो, घाटात रोज जाणाऱ्यांचं लवकर. पण फडकं बुडवून बघणं आकड्यापेक्षा भरवशाचं.

काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजच्या ड्रममध्ये टाका.

---

कोकणसडा | २ ऑक्टोबर, सकाळी ९.००

रेघ जागेवर आहे. काल आंबा घाट चढलो-उतरलो. बायकोने हँडल धरलं होतं, पण ते माझ्या चालवण्यामुळे, असं तिचं म्हणणं.

---

नवा_लायसन्स | ५ ऑक्टोबर, रात्री ११.१५

धागा भारी आहे, पूर्ण वाचायला वेळ मिळाला नाही. माझी या वर्षी घेतलेली इलेक्ट्रिक गाडी आहे. तिला पॉवर स्टीअरिंगचं कोणतं ऑइल घालू?

---

वैदेही२२ | ५ ऑक्टोबर, रात्री ११.२०

सर्व्हिसिंगचं बिल बघा, त्यावर लिहिलेलं असेल.